चूक दाखविणाऱ्याचे कर्तव्य

बालाघाट जिल्ह्यातील परसवाडा, बैहर, लांजी, वारासिवनी अशा तहसिलीच्या गावांतून ज्या मुलामुलींना आज संगणकाची विद्या आत्मसात करावीशी वाटते, त्यांच्या वाटेत उभा राहणारा पहिला खरा अडसर गणिताचा नसतो, आणि यंत्राच्या दुर्मिळतेचाही तो आता पूर्वीइतका राहिलेला नाही. आपण लिहिलेला प्रोग्राम चालवावयास जावे आणि पडद्यावर दहा-वीस ओळींचा एक इंग्रजी मजकूर उमटावा, ज्यात फाइलींची नावे, ओळींचे क्रमांक आणि अनोळखी फंक्शनांची यादी एकाखाली एक मांडलेली असावी, आणि त्या मजकुराचा आरंभ कोठे, अंत कोठे, व त्यातील आपल्या कामाची ओळ कोणती हेच उमगू नये, हा तो अडसर होय. या मजकुराला स्टॅक ट्रेस म्हणतात. पायथन या भाषेत त्यालाच ट्रेसबॅक असे नाव आहे. ही विद्या कोणाच्या हाती पोचेल आणि कोणाच्या हातून निसटेल, याचा निकाल पुष्कळ अंशी हा मजकूर किती सुबोध आहे यावर लागतो, असे माझे ठाम मत आहे. आणि ते सर्वसामान्य वाचकांपुढे मांडण्याचे कारण असे की, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, हा प्रश्न तंत्रज्ञांच्या खोलीतून निघून रेशनच्या दुकानापर्यंत येऊन ठेपलेला आहे.

आमच्या भागाची भाषिक स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १९५६ पर्यंत बालाघाट जिल्हा नागपूर ज्याची राजधानी होती त्या राज्यात होता. पुनर्रचनेनंतर नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला, आणि येथील माणसे घरी मराठी, पोवारी वा गोंडी बोलत राहिली, तर शाळा आणि कचेरी हिंदीत चालत राहिली. त्यामुळे येथल्या मुलाला इंग्रजी ही दुसरी नव्हे, तर तिसरी भाषा म्हणून भेटते. एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पुस्तकातून त्याला पायथन शिकविली जाते. शाळा संपल्यावर भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाशी संलग्न संस्थांतून डी.सी.ए. किंवा पी.जी.डी.सी.ए. करण्याची वाट तर मध्यप्रदेशातील लहान गावांच्या तरुणांना चांगलीच परिचयाची आहे. शिक्षक हिंदीत समजावून सांगतो, मित्र मराठीत कानमंत्र देतो. पण चूक घडली की त्या चुकीचा खुलासा मात्र तिसऱ्याच भाषेत, आणि तोही त्या भाषेच्या साध्या बोलीत नव्हे तर तिच्या तांत्रिक परिभाषेत, एकट्याने वाचावा लागतो.

स्टॅक ट्रेस म्हणजे नेमके काय, हे थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. कोणताही मोठा प्रोग्राम अनेक लहान फंक्शनांचा बनलेला असतो. पहिले फंक्शन दुसऱ्याला काम सांगते, दुसरे तिसऱ्याला, आणि कोणी कोणाला काम सांगितले व ते पुरे झाल्यावर परतून कोठे यावयाचे, याची नोंद यंत्र आपल्या स्मृतीत एकावर एक रचीत जाते. या कल्पनेचे बीज ॲलन ट्यूरिंग यांनी १९४५ च्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या यंत्राच्या आराखड्यात आढळते, आणि १९५७ साली जर्मनीतील फ्रीडरिश बाउअर व क्लाउस झामेलझोन यांनी तिच्यासाठी पेटंटचा अर्ज केला. मधल्या एखाद्या फंक्शनात अनपेक्षित प्रसंग उद्भवून काम थांबले, म्हणजे यंत्र ती सगळी रचलेली नोंद उलगडून पडद्यावर ठेवते. आमच्याकडील वाचकाला हे समजण्यास तहसिलीतील मिसलीचे उदाहरण पुरेसे व्हावे. एखाद्या शेतकऱ्याने नामांतरणाचा अर्ज दिला, तो तहसिलीतून राजस्व निरीक्षकाकडे आणि तेथून पटवाऱ्याकडे गेला, पटवाऱ्याच्या खसऱ्यात वडिलांचे नाव एका अक्षराने चुकलेले निघाले, आणि तो अर्ज प्रत्येक टेबलावरचा शेरा घेत त्याच वाटेने परत येऊन अखेरीस तहसीलदाराच्या सहीने नामंजूर झाला, तर हुकूम झाला तहसिलीत आणि दोष निघाला खसऱ्यात, ही गोष्ट संपूर्ण मिसल पाहिल्यावाचून कळावयाची नाही. स्टॅक ट्रेस ही प्रोग्रामची मिसल होय. ती कितीही लांब असली तरी तिरस्करणीय नाही. तिच्यातील प्रत्येक शेरा काही सांगत असतो, आणि जो ती वाचावयास शिकला तो दुसऱ्याच्या मदतीवाचून आपली चूक शोधू शकतो.

परंतु मिसल हाती असणे आणि ती वाचता येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कमी करण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर जितकी आहे तितकीच, माझ्या मते त्याहून अधिक, लिहिणाऱ्यावर आहे. भाषांच्या कर्त्यांनी ही जबाबदारी दीर्घकाळ फार हलक्या मनाने घेतली. १९६५ साली टोनी होर यांनी ॲल्गॉल डब्ल्यू या भाषेत 'नल', म्हणजे जेथे वस्तू असावयास हवी तेथे काहीच नाही हे दर्शविणारा संकेत, प्रथम आणला, आणि २००९ च्या एका व्याख्यानात त्यांनी स्वतःच त्याला आपली शंभर कोटी डॉलरांची चूक म्हटले. जावा भाषेची पहिली आवृत्ती १९९६ सालची. एका ओळीत विद्यार्थ्याचा वर्ग, वर्गाचा शिक्षक, शिक्षकाचा पत्ता आणि पत्त्यातील गाव असे चार टप्पे ओलांडून गावाचे नाव मागितले असेल आणि त्यांपैकी एक टप्पा रिकामा निघाला, तर जावा एवढेच सांगत असे की अमुक क्रमांकाच्या ओळीत 'नल' भेटला. वर्ग रिकामा होता की शिक्षक की पत्ता, हे ज्याचे त्याने शोधावे. यंत्राला ते ठाऊक होते, तरी ते सांगत नव्हते. २०२० च्या मार्चमध्ये, चौदाव्या आवृत्तीत, नेमका कोणता टप्पा रिकामा होता हे सांगण्याची सोय प्रथम ऐच्छिक म्हणून आली आणि पुढच्याच आवृत्तीत ती आपोआप लागू झाली. त्या मधल्या चोवीस वर्षांत जगभरच्या किती शिकाऊ मुलांनी केवळ या मौनामुळे रात्री जागून काढल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण तो लहान असणे शक्य नाही.

पायथनने या बाबतीत अलीकडे जे केले ते मला अत्यंत आदरणीय वाटते. २०२१ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.१० या आवृत्तीत एखाद्या नावाचे स्पेलिंग चुकले, तर त्याच्याशी मिळतेजुळते नाव सुचवून 'तुम्हांला हे तर म्हणावयाचे नव्हते ना' अशी पृच्छा करण्याची रीत सुरू झाली. त्याच्या पुढच्या वर्षी, ३.११ मध्ये, पाब्लो गालिंदो साल्गादो, बातुहान तश्काया आणि अम्मार अस्कर यांच्या प्रस्तावानुसार ट्रेसबॅकमध्ये ओळीच्या खाली लहान टोकदार खुणा उमटू लागल्या, ज्या त्या ओळीतील नेमका दोषी भाग दाखवितात. वरवर पाहता ही क्षुल्लक गोष्ट; पण तिच्यासाठी प्रत्येक सूचनेचा स्तंभ-क्रमांकही जतन करावा लागतो, आणि पायथनच्या स्वतःच्या ग्रंथालयाच्या कंपाइल केलेल्या फाइलींचा आकार त्यामुळे सुमारे २२ टक्क्यांनी वाढला. एवढी जागा खर्च करावी की नाही याचा विचार कर्त्यांनी उघडपणे केला, ज्यांना ती नको असेल त्यांच्यासाठी ती बंद करण्याची किल्लीही ठेवली, आणि बहुसंख्यांसाठी ती सुरू ठेवली. यंत्राची स्मृती स्वस्त आहे आणि माणसाचा धीर महाग आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांनी हा निर्णय घेतला. २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीत ट्रेसबॅकला रंगही आले, आणि एक विशेष उपकारक सूचना आली: नवशिका आपल्या फाइलीला पायथनच्याच एखाद्या प्रमाण मॉड्यूलचे नाव देऊन बसतो, आणि मग प्रमाण मॉड्यूलऐवजी त्याचीच फाइल उघडली जाऊन विलक्षण चुका दिसू लागतात; आता भाषा त्याला सांगते की तुझ्या फाइलीचे नाव बदल. ज्याने शिकवणीच्या खोलीत या एका गोंधळापायी गेलेले तास पाहिले आहेत, त्याला या एका ओळीचे मोल कळेल.

यापुढचा प्रश्न क्रमाचा आहे, आणि त्यावर विद्वानांत एकवाक्यता नाही. जावा सर्वांत शेवटचे फंक्शन सर्वांत वर मांडते, पायथन ते सर्वांत खाली मांडते व तळाशी चुकीचे नाव लिहिते. पायथनचा क्रम घटनेच्या क्रमाशी जुळतो, आणि तळाची ओळ टाइप करण्याच्या जागेच्या लगत राहते, म्हणून अनुभवी माणसाला तो सोयीचा वाटतो. परंतु आमचा विद्यार्थी कोणताही मजकूर वरून खाली वाचावयास शिकलेला असतो, आणि एखादे मोठे फ्रेमवर्क वापरीत असता वरच्या पंधरा ओळी त्याने कधीही न उघडलेल्या फाइलींच्या निघाल्या, तर सोळाव्या ओळीपर्यंत पोचण्यापूर्वीच त्याचे मन खचते. क्रम कोणताही असो, माझा आग्रह असा की लेखकाने स्वतः लिहिलेल्या फाइलींच्या ओळी उठून दिसाव्यात, उसन्या ग्रंथालयांच्या ओळी घडी घालून बाजूला ठेवाव्यात, मात्र मागताच त्या पुन्हा पूर्ण उघडून दाखवाव्यात. घडी घालणे निराळे आणि फाडून टाकणे निराळे.

सुबोधता म्हणजे विस्तार, असा एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे, कारण प्रयोगांनी तो टिकू दिलेला नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे पॉल डेनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली विद्यार्थ्यांना विस्तृत, सोदाहरण चूक-सूचना देऊन पाहिल्या, आणि त्यांचा दखलपात्र लाभ दिसला नाही, असे प्रामाणिकपणे जाहीर केले. त्यानंतरच्या इतर प्रयोगांत लाभ दिसलाही. तीन वर्षांनी टायटस बॅरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५६ विद्यार्थ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून असे दाखविले की, लोक चूक-सूचना वाचीत नाहीत हा आरोप खोटा आहे. ते त्या वाचतात, कामातील त्यांच्या नजरेचा १३ ते २५ टक्के भाग त्यांवरच खर्च होतो, आणि त्या वाचण्याचे काठिण्य प्रत्यक्ष कोड वाचण्याइतकेच असते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'मुले एरर वाचतच नाहीत' अशी तक्रार प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी असते. परंतु ज्या मजकुराचे वाचन मूळ कोडाइतके अवघड, तो वाचूनही हाती काही लागत नसेल, तर दोष वाचकाच्या आळसात शोधणे अन्यायाचे आहे.

आपल्या देशातही या विषयावर भरीव काम झालेले आहे, आणि मराठी वाचकांना त्याची वार्ता असावयास हवी. कानपूरच्या आय.आय.टी.त पहिल्या वर्षाच्या मुलांनी लिहिलेले, चुकांमुळे न चालणारे सी भाषेतील ६,९७१ प्रोग्राम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राहुल गुप्ता, सोहम पाल, आदित्य कानडे आणि शिरीष शेवडे यांनी २०१७ साली 'डीपफिक्स' या आपल्या पद्धतीने तपासले. त्यांपैकी २७ टक्के प्रोग्राम यंत्राने पूर्णपणे आणि आणखी १९ टक्के अंशतः दुरुस्त केले. कानपूरलाच अमेय करकरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच विद्यार्थी-चुकांच्या संग्रहावर दुरुस्ती सुचविणारी साधने रचली. या कामाबद्दल मला अभिमान वाटतो; तथापि येथे एक विवेक राखणे अगत्याचे आहे. चूक दुरुस्त करून हाती देणे आणि चूक दाखवून देणे या दोन भिन्न सेवा आहेत, आणि शिकणाऱ्याला दुसरी आधी हवी. आज मुले ट्रेसबॅकचा सगळा मजकूर उचलून एखाद्या कृत्रिम बुद्धीच्या साधनापुढे ठेवतात व उत्तर उतरवून घेतात; त्यात गैर काही नाही, पण ते साधनसुद्धा तोच ट्रेसबॅक वाचीत असते, आणि मूळ मजकूर जितका नेमका तितकाच त्याचा तर्क नेमका. उगमाशी पाणी गढूळ ठेवून खाली गाळण्या बसविण्याची ही व्यवस्था पुरेशी मानता येणार नाही.

आता भाषेकडे वळू. फिलिप ग्वो यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८६ देशांतील, ७४ मातृभाषा बोलणाऱ्या ८४० व्यक्तींनी इंग्रजी ही मातृभाषा नसल्यामुळे प्रोग्रामिंग शिकताना येणाऱ्या अडचणी सांगितल्या आहेत; पाठ्यसामग्री वाचणे, कोड वाचणे, आणि एकाच वेळी इंग्रजी व प्रोग्रामिंग अशा दोन विद्या शिकण्याचा भार, या त्यांतील प्रमुख होत. मुंबईच्या आय.आय.टी.त योगेंद्र पाल व श्रीधर अय्यर यांनी तर हिंदी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंग कसे शिकवावे, याचाच अभ्यास केला, आणि तो अभ्यास बालाघाट जिल्ह्याच्या मुलांचाच आहे असे मी समजतो. त्याच संस्थेत कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत दृक्श्राव्य पाठ तयार केले आहेत, आणि त्यांतील सी व सी प्लस प्लसच्या पाठांत एक गोष्ट फार मोलाची आहे: प्रोग्राम नीट चालवून दाखविल्यावर शिक्षक मुद्दाम एखादा अर्धविराम वा कंस काढून टाकतो, चूक-सूचना येऊ देतो, ती कशी वाचावी ते मातृभाषेत सांगतो, आणि मग ती दुरुस्त करतो. पाठाचा हा भाग काही क्षणांचाच, पण शिकविण्याच्या संपूर्ण परंपरेत जे राहून गेले होते ते त्याने भरून काढले आहे. नेदरलँड्समध्ये फेलीन हर्मान्स यांनी २०२० पासून वाढविलेली हेडी ही शालेय भाषा याहून पुढे गेली आहे. तिच्यात मूल आपल्या भाषेतील शब्दांनी प्रोग्राम लिहू शकते, आणि चुकीचा खुलासाही त्याला आपल्याच भाषेत मिळू शकतो.

मी हे म्हणत नाही की पायथनचे शब्द बदलून मराठी करावेत. जगाशी व्यवहार करावयाचा तर त्या शब्दांची ओळख हवीच, आणि मूळ इंग्रजी ओळ जशीच्या तशी पडद्यावर राहिली पाहिजे, कारण पुढे अन्यत्र मदत शोधताना तीच कामी येते. पण तिच्या खाली एक ओळ हिंदीची किंवा मराठीची यावयास काय हरकत आहे? 'नन-टाइप ऑब्जेक्ट इज नॉट सबस्क्रिप्टेबल' या वाक्याखाली 'ज्या यादीतून तुम्ही काही काढू पाहता आहात, त्या जागी यादीच नाही. ती आधी कोठे नाहीशी झाली ते पाहा' एवढे लिहिले, तर बारावीच्या मुलाला पुढचे पाऊल कळते. नित्य भेटणाऱ्या चुकांचे प्रकार फार नाहीत. नाव न सापडणे, प्रकार न जुळणे, यादीच्या मर्यादेबाहेर जाणे, किल्ली नसणे, ओळीचा समास चुकणे, फाइल न मिळणे, यांतच नवशिक्याचा बहुतेक त्रास सामावतो. त्यांचे शुद्ध, साधे, शिक्षकाच्या तोंडी शोभेल असे खुलासे भोपाळ, नागपूर, पुणे, मुंबई यांपैकी कोणत्याही एका विद्यापीठाच्या संगणक-विभागाने मनावर घेतले तर सहज सिद्ध होतील.

या विषयाचा रेशनच्या दुकानाशी संबंध मी आरंभी सूचित केला होता. धान्य घेताना यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो, आणि तो न जुळल्यास आधारच्या व्यवस्थेकडून एक क्रमांक परत येतो. क्रमांक ३०० आला तर अर्थ असा की बोटाचा ठसा नोंदीशी जुळला नाही. हात धुवावा, दुसरे बोट ठेवून पाहावे. क्रमांक ८११ आला तर अर्थ असा की त्या आधार क्रमांकासाठी मध्यवर्ती भांडारात ठशांची नोंदच उपलब्ध नाही. मग दहाही बोटे दहा वेळा ठेवली तरी उपयोग नाही, नोंदणी केंद्रावर जाणे हाच उपाय. दोन्ही चुका भिन्न, दोहोंचे उपाय भिन्न. परंतु जंगलात आणि शेतात राबून जिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत अशा बाईला जर दोन्ही प्रसंगी 'अंगठा लागत नाही' एवढेच सांगण्यात आले, तर ती पुढच्या आठवड्यात पुन्हा तितकीच वाट तुडवीत येईल आणि पुन्हा रिकाम्या हाती जाईल. यंत्राने कारण सांगितलेले असते; ते कारण माणसाच्या भाषेत शेवटच्या टोकापर्यंत पोचविणे राहून जाते. याच मध्यप्रदेशाने २०१० साली लोकसेवा गारंटीचा कायदा देशात सर्वप्रथम केला, आणि अर्ज नामंजूर झाल्यास त्याचे कारण लेखी नोंदवून अर्जदारास कळविण्याचे बंधन अधिकाऱ्यावर घातले. अधिकाऱ्यावर जे बंधन न्याय्य ठरले ते अधिकाऱ्याच्या जागी बसविलेल्या यंत्रावर का नसावे, याचे समाधानकारक उत्तर मला आढळलेले नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. सार्वजनिक सेवेच्या पडद्यावर संपूर्ण स्टॅक ट्रेस उघडा टाकणे धोक्याचे असते. त्यातून फाइलींची व डेटाबेसची रचना परक्याला कळते आणि दुष्ट हेतूने तिचा उपयोग होऊ शकतो. म्हणून पुष्कळ संकेतस्थळे दुसऱ्या टोकाला जाऊन 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' एवढेच लिहितात, आणि नागरिक तोच अर्ज पुनःपुन्हा भरीत बसतो. या दोहोंच्या मधली वाट अवघड नाही: मिसल आत जतन व्हावी, नागरिकाला तिचा नोंद-क्रमांक मिळावा, आणि दोष त्याच्या कागदात आहे, जाळ्यात आहे की सरकारच्या यंत्रात आहे, एवढे एका वाक्यात त्याच्या भाषेत सांगावे. दोष यंत्राचा असेल तर तसे स्पष्ट म्हणावे, म्हणजे तो आपलेच कागद निष्कारण पुन्हा झेरॉक्स करीत फिरणार नाही.

आणि हे सर्व लिहिणारे हात उद्या याच शिकाऊ मुलांचे असणार आहेत. ज्याला स्वतःला अठराव्या वर्षी नीट खुलासा मिळाला नाही, त्याने पंचविसाव्या वर्षी दुसऱ्यासाठी नीट खुलासा लिहावा अशी अपेक्षा करणे कठीण आहे. सध्याच्या प्रात्यक्षिक परीक्षांत मुलाने प्रोग्राम लिहावा, तो चालावा आणि त्याचे गुण मिळावेत, एवढ्यावरच भर असतो. चाललेल्या प्रोग्रामला गुण, चुकलेल्याला शून्य, आणि चूक वाचण्याच्या कौशल्याला काहीच नाही. माझी माध्यमिक मंडळांना आणि विद्यापीठांना विनंती अशी की, प्रत्येक प्रात्यक्षिक परीक्षेत एक पुरा ट्रेसबॅक छापून द्यावा आणि त्यावर तीन प्रश्न विचारावेत: काम कोणत्या ओळीत थांबले, दोषाचा उगम प्रत्यक्षात कोणत्या ओळीत असावा, आणि तसे मानण्याचे कारण काय. शंभरांत दहा गुण त्याला ठेवावेत, आणि उत्तर हिंदीत, मराठीत, विद्यार्थ्याला जी भाषा सहज येते तीत लिहू द्यावे.